पाचटाखालचे बटाटे

आमच्या निपाणीच्या घराला खाली दोन खोल्या आहेत आणि मागं एक लांबट अंगण. सासरे होते तेव्हा त्या खोल्यांत त्यांचा पलंग, रेडिओ, मोटारपंपाचे सुटे भाग असा सगळा पसारा असायचा, आणि संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे. ते गेले आणि आत्तींनी खाली अंगणात उतरणंच सोडलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी पुढच्या जिन्यानं परस्पर बाहेर पडून बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शनाला जायच्या, येऊन स्वयंपाक करायच्या, दिवस मावळायच्या आत जेवायच्या, आणि मधला सगळा वेळ खिडकीशी बसून राहायच्या. बोलणं कमी होत होत 'व्हय', 'न्हाय' आणि 'जेवलीस काय' एवढ्यावर आलं होतं. मी शाळेत शिकवते. नवरा कागलच्या कारखान्यात, रोज कोगनोळीचा सीमानाका ओलांडून जायचा आणि यायचा. दिवसभर घरात त्यांच्याशिवाय माणूस नाही. म्हणून आम्ही दोघांनी खालच्या खोल्या भाड्यानं द्यायचं ठरवलं. आत्तींनी हरकत घेतली नाही. घेतली असती तर मला बरं वाटलं असतं, इतक्या त्या गप्प झाल्या होत्या.

एका दवाखान्यात नर्स असलेली मुलगी राहायला आली. काही महिन्यांनी ती वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "वहिनी, माझ्या वडलांना आणू काय इथं? खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या. गावात चुलतभाऊ हाय, पण तो शेतात जाणार का ह्यांच्याकडं बघणार?"

गाव म्हणजे बेळगुंदी, बेळगावच्या पश्चिमेला. तिथली तांबडी माती आणि तिथले बटाटे, रताळी आमच्याकडच्या बाजारातसुद्धा नाव सांगून विकतात. तिचे वडील आले ते वॉकर घेऊन. उंच, हाडापेरानं मोठे, पांढऱ्या मिशा, आणि हाताचे तळवे असे की चहाची कपबशी त्यात बाहुलीच्या खेळातली वाटावी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही. जन्मभर वाकून काम केलेल्या माणसाला हे सांगितलेलं. ते खोलीच्या दारात खुर्चीवर बसायचे आणि रिकाम्या अंगणाकडं बघत राहायचे. वर खिडकीत आत्ती, खाली दारात हे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायला लागलो.

एके दिवशी मी शाळेतून आले तर आत्ती मागच्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर तांदूळ निवडायला सूप घेऊन बसलेल्या. इतक्या महिन्यांनी त्या खाली उतरल्या होत्या. वर गरम होतंय, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मी चपला काढत होते तोवर अण्णा वॉकर टेकत आत्तींपुढं आले.

"आक्का, एक विचारायचं हुतं. मागं अंगणात थोडं काय तर लावू काय?"

"लावा की. पडूनच हाय जागा."

"मला वाकायला येत न्हाय. म्हणून म्हटलं, कमरेएवढा विटांचा वाफा बांधून घेतो. त्यात माती भरायची. हुबं राहून काम व्हतंय मग. लेकीनं मोबाईलवर दावलं मला, तसलं करत्यात आता लोक."

"बांधा. काय लावणार?"

"बटाटा."

सुपातला आत्तींचा हात थांबला. "बेडा," त्या म्हणाल्या. नको म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून आधी कन्नडच येतं. मग त्यांनी मान वर करून मराठीत सांगितलं, "वरचं काय पण लावा अण्णा. मेथी लावा, वांगी लावा. जमिनीखालचं मात्र नको."

अण्णांना आधी कळलं नाही. मी सांगितलं. आम्ही जैन. घरात कंदमूळ येत नाही. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, रताळं, काहीच नाही. माझ्या माहेरी हे चातुर्मासापुरतं पाळायचे, बाकी वर्षभर बटाट्याची भाजी व्हायची. आत्तींचा नियम बाराही महिन्यांचा. आम्ही नवरा-बायको बाहेर वडा खातो हे त्यांना माहीत होतं आणि त्या त्यावर कधी बोलल्या नाहीत. खालच्या खोल्यांत भाडेकरू काय शिजवतात हेही त्या विचारत नसत. पण अंगण आमचं होतं.

"बरं आक्का," अण्णा म्हणाले. "तुमची जागा, तुमचा नियम. मेथी लावतो." आणि वॉकर वळवून हळूहळू खोलीत गेले.

वाफा मात्र त्यांनी बांधून घेतला. एक गवंडी आला, त्यानं दोन दिवसांत विटांचे दोन लांब कट्टे उभे केले. अण्णा खुर्चीवर बसून तळाला पाणी जायला भोकं ठेवायला सांगत होते, आणि गवंडी म्हणत होता, "हौदाला भोकं कशाला पाडता मालक?" शेजारच्या बाईंनी भिंतीवरून डोकावून मला हळूच विचारलं, "कुणाची समाधी बांधायलाईसा गं?" मी हे वर जाऊन आत्तींना सांगितलं. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. नक्की हसल्या.

आमच्याकडची माती काळी, चिकट. अण्णांनी पुतण्याला फोन करून बेळगुंदीहून तांबडी माती मागवली. तो पिकअपमधून पोती घेऊन आला. तळाला विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं, वर शेणखत, वर ती माती. अण्णा एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातानं ढेकळं फोडत होते. त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवण उभ्यानंच उरकलं.

मेथी आली, कोथिंबीर आली, पालक आला. सगळं चांगलं आलं. अण्णा रोज सकाळी खुडून जुडी बांधायचे आणि आमच्या जिन्यावर आणून ठेवायचे. आत्ती ती निवडून भाजी करायच्या आणि वाटीभर खाली पाठवायच्या. असं पावसाळ्यात सगळं सुरळीत चाललं होतं. पण मेथी खुडताना अण्णांच्या तोंडावर काही नसायचं. लेक त्यांना विचारायची, "बरं वाटतंय न्हवं आता?" आणि ते म्हणायचे, "व्हय. चिमटीचं काम हाय. जमतंय."

दसऱ्याच्या आधी आत्ती आणि मी आठवडी बाजारात गेलो होतो. बऱ्याच दिवसांनी त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. पावट्याच्या शेंगा घेऊन वळलो तर पुढं बटाट्याच्या ढिगापाशी अण्णा. लेकीनं रिक्षातून सोडलं असावं. वॉकर बाजूला ठेवून, विकणाऱ्याच्या हातगाडीला कंबर टेकून ते उभे होते, आणि एकेक बटाटा उचलून हातात फिरवून परत ठेवत होते. विकणारा काहीतरी बोलला, त्यावर ते हसले. मग पुन्हा एक उचलला, अंगठ्यानं त्याची साल चोळली, नाकाशी नेला. पिशवी नव्हती त्यांच्याकडं. घ्यायला आलेच नव्हते ते.

मी हाक मारणार होते. आत्तींनी माझा दंड धरला. "नको. असू दे," म्हणाल्या, आणि आम्ही दुसऱ्या बोळातून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्ती पुन्हा खालच्या पायरीवर बसल्या. शाळेला सुट्टी होती, मी जिन्यात कपडे वाळत घालत होते. त्यांनी सरळ विचारलं.

"अण्णा, एवढं काय हाय त्या बटाट्यात?"

अण्णांनी वाफ्यातलं एक वाळकं पान तोडलं. मग म्हणाले, "काय न्हाय आक्का. सवय."

"सवय म्हणून माणूस बाजारात जाऊन हुंगत न्हाय."

अण्णा लाजले. मिशीवरून हात फिरवला. "बघितलासा व्हय," म्हणाले. मग सांगायला लागले. त्यांची बायको बटाटे काढताना कधी कुदळ वापरायची नाही. सगळे म्हणायचे, वेळ जातोय. ती म्हणायची, कुदळीनं डाग पडतोय. हातानं माती बाजूला सारायची, एकेक मोकळा करून ठेवायची, आणि हे पलीकडच्या सरीत. "बोलायची न्हाय लई. पण मोठा सापडला की हिकडं दावायची, असा हात वर करून. मी पण दावायचो. तेवढंच आमचं बोलणं." ती गेली त्या वर्षी त्यांनी एकट्यानं काढले. "मन थाऱ्यावर नव्हतं. कुदळ घेतली. निम्मं कापलं. दुसऱ्या साली मग परत हातानं केलं. तवापासून हातानंच करतोय. आता ह्या पायानं तेबी न्हाय."

आत्ती अंगणातल्या त्या जागेकडं बघत होत्या जिथं सासऱ्यांची खुर्ची असायची. तिथं आता वाफा होता.

"पाप हे त्या उकरण्यातच हाय अण्णा," त्या सावकाश म्हणाल्या. भांडायला म्हणून नाही, समजावून सांगायला. "मातीत किती जीव असत्यात. कुदळ काय न् हात काय. आणि त्या कंदात पण जीव भरलेला असतोय. आम्ही म्हणून खाईत न्हाय."

"व्हय आक्का. तुमचं बरोबर हाय. मी कुठं काय म्हणतोय?"

विषय संपला असं मला वाटलं. पण आत्ती पुढचे काही दिवस कसल्यातरी विचारात होत्या. पोळी लाटताना लाटणं थांबवायच्या. एका सकाळी बस्तीतून आल्या त्या वर न येता थेट मागच्या अंगणात गेल्या. अण्णा पालकाला पाणी घालत होते. मी डबा भरत होते, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, बटाटा न उकरता येतोय काय?"

"न उकरता? त्यो मातीत असतोय आक्का."

"माझ्या माहेरी, चिकोडीकडं, बांधावर उसाच्या पाचटाचा ढीग पडलेला असायचा. आमचा गडी आपल्या भाकरीबरोबर खायला बटाटं आणायचा. त्यातला एक त्या ढिगात पडला आसंल. दिवाळीनंतर ढीग हलवला तर खाली जमिनीवर बटाटं. मातीत न्हाय, मातीवर. पाचटातच वाढलेलं. बा माझा लई हसलेला. आपल्या रानात बटाटा आपणच आला म्हणून."

अण्णा पाण्याचा पाईप तसाच धरून उभे. पालकाच्या कडेनं पाणी वाहून चाललं होतं.

"मातीशिवाय कसं पोसंल?" ते म्हणाले.

"मुळं जाऊ देत की मातीत. बेणं मातीवर ठेवायचं, वर पाचट घालायचं. वाढंल तसं आणि घालायचं. शेवटाला नुसतं पाचट उचलायचं. उकरायचं न्हाय. चालंल काय तुम्हाला असं?"

"मला चालंल आक्का. तुम्हाला चालतंय काय?"

"मी खाणार न्हाय," त्या म्हणाल्या. "घरात वर पण येणार न्हाय. पण मारायचं तरी टळतंय. लावा. चातुर्मास संपू दे, मग लावा."

मी डबा घेऊन खाली आले तेव्हा अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुझ्या सासूनं मला पेचात टाकलं. गावात कळलं तर हसतील मला." पण त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता.

दिवाळी झाली, त्रिपुरी पौर्णिमा झाली. पुतण्या बेणं घेऊन आला, कोंब फुटलेले बटाटे, अंड्याएवढे. अण्णांनी सवयीनं चाकू मागितला. मोठं बेणं डोळ्याडोळ्याला कापून राखेत घोळवतात. आत्ती तिथंच उभ्या होत्या.

"डोळं आलेलं कापणार?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी चाकू खाली ठेवला. "बारकं बारकं तेवढं निवडतो. आख्खंच लावतो," म्हणाले.

पाचट आत्तींच्या भावाच्या रानातून आलं. ऊसतोड चालूच होती, एक ट्रॉलीचा कोपरा भरून त्यानं पाठवलं. अण्णांनी ओल्या मातीवर बेणं मांडलं, कोंब वर करून, आणि वर चांगली जाड पाचटाची गादी पसरली. वाळलेली उसाची पानं हाताला कापतात. आत्तींनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या दोन्ही हातांना गुंडाळल्या आणि दुसऱ्या बाजूनं पसरायला लागल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना असं दोन हातांनी काम करताना बघितलं नव्हतं. मी पण पदर खोचला. तिघांनी मिळून दोन्ही वाफे झाकले.

पुढं बरेच दिवस काहीच दिसेना. अण्णा सकाळ-संध्याकाळ पाचट थोडं उचलून बघायचे. "कुजणार," म्हणायचे. "मातीची भर पाहिजे हुती." आत्ती म्हणायच्या, "दम धरा." मग एका सकाळी पाचटातून हिरवे कोंब वर आलेले. अण्णांनी लेकीला ड्युटीवर जाता जाता थांबवून दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, मला दाखवलं. आत्तींना दाखवायची गरज नव्हती. त्यांनी आधीच बघितलं होतं.

ओल्या पाचटाखाली गोगलगायी जमल्या. अण्णांनी मीठ मागितलं. आत्तींनी दिलं नाही. त्या बस्तीतून आल्या की एक पळसाचं पान घेऊन खाली जायच्या, एकेक गोगलगाय पानावर घ्यायच्या आणि मागच्या भिंतीपलीकडं ओढ्याच्या कडेला सोडून यायच्या.

"आक्का, काय करूलालासा हे? त्या परत येत्यात," अण्णा म्हणायचे.

"येऊ देत. परत सोडीन."

झाडं गुडघ्याएवढी झाली. दोघांनी दोनदा पाचट वाढवलं. आणि नेमके तेव्हाच अण्णा आजारी पडले. ताप आला, ऑपरेशनच्या जागी सूज आली. लेक नर्स, तिनं वेळ घालवला नाही. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं तिथं, बेळगावला घेऊन गेली. गाडीत बसवताना अण्णा माझ्याशी पायाचं काही बोलले नाहीत. "पाणी पानावर घालू नकोसा," एवढंच आत्तींना सांगितलं.

खालच्या खोल्यांना कुलूप लागलं. त्या संध्याकाळी आत्ती लवकर जेवल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. पुन्हा तेच दिवस येतात की काय असं वाटलं. पण सकाळी बादलीचा आवाज आला म्हणून मी डोकावले तर त्या वाफ्याशी होत्या. तांब्यानं झाडाच्या बुडात पाणी घालत होत्या, एकेका झाडाला. त्यांना पाईप आवडत नाही.

जानेवारीत आमच्याकडं धुकं पडतं. सकाळी उशिरापर्यंत समोरचं घर दिसत नाही. अशा तीन-चार दिवसांनंतर खालच्या पानांवर काळे डाग दिसले. आत्ती मला म्हणाल्या, "फोन लाव अण्णांना." मी लावला, स्पीकरवर टाकला.

"अण्णा, पाय कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"उतरलीय सूज. इंजेक्शनं चालू हाईत. बटाटा?"

"पानावर काळं ठिपकं आल्यात."

"करपा हाय त्यो," अण्णांचा आवाज आला. "फवारणी केली असती मी. पण तुमच्या अंगणात..."

"फवारायचं न्हाय तर काय करू ते सांगा."

"डाग आलेली पानं सगळी खुडा. वाफ्यात टाकू नका, लांब न्या. झाडं दाटली असतील तर फांद्या बाजूला सारा, वारं खेळू द्या. पाणी दोन दिवस बंद. आणि ऊन पडू दे म्हणून बघा देवाला सांगून."

शेवटच्या वाक्याला आत्ती हसल्या, आवाज करून. "देव असलं काम करत न्हाय," म्हणाल्या. "पानं मी खुडती."

आम्ही दोघींनी मिळून खुडली. मी शाळेत जायच्या आधी तासभर. त्या एका बाजूला, मी दुसऱ्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी आणि आत्ती एवढा वेळ समोरासमोर उभ्या राहून एक काम करतोय असं कधी झालं नव्हतं. स्वयंपाकघरात आमची पाठीला पाठ असते. त्या सकाळी त्या बोलायला लागल्या. सासऱ्यांबद्दल. शेवटच्या दिवसांत त्यांना काही खाऊ वाटायचं नाही, आणि एकदा त्यांनी लहान मुलासारखं सांगितलं होतं की उकडलेलं रताळं खावंसं वाटतंय. त्यांच्या आईच्या घरी लहानपणी खायचे. "मी दिलं न्हाय," आत्ती म्हणाल्या. "त्यांनी पण परत मागितलं न्हाय. मला नियम मोडल्याचं दुःख झालं नसतं. आता कळतंय. पण तवा हात गेला न्हाय."

मी म्हटलं, "आत्ती, त्यांना माहीत होतं तुमचं." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या झाडाकडं वळल्या. डोळे पुसले नाहीत. हात मातीचे होते.

ऊन पडलं. काही झाडं गेली, बरीचशी तगली. अण्णा परत आले तोवर पानं पिवळी पडून माना टाकायला लागली होती. काढायची वेळ झाली होती. अण्णा वाळले होते, पण पाय आधीपेक्षा बरा टाकत होते. वॉकर घेऊन आधी खोलीत गेले नाहीत. थेट मागं.

"आक्का, लई राखलासा," ते म्हणाले.

"थोडी गेली."

"जात्यात. माझ्या रानात पण जात्यात."

रविवार बघून काढायचं ठरलं, म्हणजे सगळे घरी. माझा नवराही होता, त्याला आईचं हे सगळं खरंच वाटत नव्हतं. अण्णांनी वॉकर वाफ्याला टेकवला आणि म्हणाले, "आक्का, पयलं पाचट तुमी उचला."

"मी?"

"डोकं तुमचं."

आत्तींनी हातांना चिंध्या बांधल्या. कडेचं पाचट धरून हळूच उचललं, चादर उचलावी तसं. खाली ओल्या मातीवर बटाटे बसलेले. पांढुरके, स्वच्छ, मातीनं न माखलेले, कोवळ्या सालीचे. कुणी आणून मांडून ठेवल्यासारखे. माझा नवरा "अरे वा" म्हणाला. अण्णांनी एक उचलला, देठाला लागलेला तोडून हातात घेतला, आणि मग तो हात वर करून आत्तींना दाखवला. आपण काय केलं हे त्यांच्या नंतर लक्षात आलं असावं, कारण हात तसाच राहिला आणि त्यांनी तोंड फिरवलं. लेक त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली. आत्ती बटाट्यांकडं बघत म्हणाल्या, "चांगला मोठा हाय अण्णा."

सगळे सारखे नव्हते. जिथं पाचट पातळ झालं होतं तिथं ऊन लागून हिरवे पडले होते, ते खायचे नसतात. काही मुळाबरोबर मातीत उतरले होते, वरून नुसती पाठ दिसत होती. माझ्या नवऱ्यानं बोट घालून एक काढायला बघितला. अण्णांनी त्याचा हात अडवला. "त्यो ऱ्हाऊ दे. ठरलंय तसं." आत्तींनी ऐकलं आणि पुढचं पाचट उचललं. माझ्या अंदाजानं मातीत बरेच राहिले. एरवी एवढ्या जागेत निघाले असते त्यापेक्षा कमी निघाले हे अण्णांनी स्वतःच सांगितलं, "पण रानातल्यापेक्षा देखणं हाईत."

त्या दिवशी खालच्या खोलीत बटाट्याची भाजी झाली. अण्णांनी स्वतः केली, उभ्यानं, मोहरी-हिरवी मिरची घालून. आमच्यासाठी म्हणून कांदा-लसूण घातलं नव्हतं. आम्ही दोघं खाली जाऊन जेवलो. नव्या बटाट्याला एक गोडसर, ओलसर चव असते, ती बाजारातल्याला येत नाही. वर आले तर आत्ती ताक-भात जेवून झाल्या होत्या.

"झालं चांगलं?" त्यांनी विचारलं.

"छान झालंय आत्ती."

"मीठ?"

"बरोबर होतं."

"ते मीठ लई घालतात," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून मोरीकडं गेल्या.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी अण्णा काठीवर चालायला लागले आणि गावी परत गेले. लेक अजून खालीच राहते. वाफे आता आत्तींचे. त्या वांगी, दोडका, पावटा लावतात, खाली उतरतात, शेजारणीशी भिंतीवरून बोलतात. मातीत राहिलेल्या बटाट्यांतले काही उगवले तेव्हा त्यांनी ते उपटले नाहीत, त्यांच्या मधून वांगी लावली.

अण्णांचा फोन अधूनमधून येतो. गावात त्यांनी एका कोपऱ्यात पाचटाचा प्रयोग करून बघितला. तिकडं ऊस कमी, म्हणून भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, घातलं. पुतण्याच्या म्हशीनं एका दुपारी सगळं खाऊन टाकलं. हे सांगताना ते फोनवर इतके हसत होते की आत्तींनी फोन कानापासून लांब धरला.

मागच्या वर्षी पावसाळी पिकाची काढणी चालू असताना आम्ही सगळे बेळगुंदीला गेलो. आत्तींनी आपला डबा बरोबर घेतला होता. तांबड्या रानात सरीसरीनं बायका बसून काढत होत्या, कुणी कुदळीनं, कुणी हातानं, आणि पोत्यांच्या रांगा बांधावर लागलेल्या. अण्णा काठी टेकत पुढं आले. आत्तींना बघून जरा अवघडले. इथं न उकरता काही होणार नव्हतं.

"चालू दे तुमचं," आत्ती म्हणाल्या. "मी तिकडं काजूच्या झाडाखाली बसती. सून बघंल."

त्या पाठ करून काजूखाली जाऊन बसल्या. अण्णांनी घरातून खुर्ची मागवली, त्यांच्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक. खाली बसायची परवानगी त्यांना अजून नव्हती. रानाकडं पाठ करून दोघं बसली, डोंगराकडं तोंड करून. मी एका सरीत बसून हातानं माती बाजूला सारत होते. माती मऊ होती, थंड. पहिला बटाटा बोटांना लागला तेव्हा मी मागं वळून बघितलं. त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं, अण्णा काठीनं जमिनीवर काही आखून दाखवत होते, आणि आत्ती मान हलवून 'तसं नाही' म्हणत होत्या.